दारामागची काठी

देवघरातली समई विझली की मी आधी तेल बघते; अपशकुन बघायला शेजारणी आहेत. औरादला माझं शिवणकामाचं दुकान आहे. मोजून कापणाऱ्या बाईच्या डोक्यात भुताखेतांना जागा नसते. तरी हे लिहितेय... कारण सांगायला घरात दुसरं कुणी नाही.

आमचे मालक एका मठात माहूत होते. हत्तिणीचं नाव गिरिजा. बावीस वर्षांच्या संसारात ते माझ्याशी बोलले नसतील तेवढं तिच्याशी बोलले. मी तिला सवत म्हणायचे — गमतीनं, पण अगदीच गमतीनं नाही. दोन वर्षांपूर्वी मालक गेले. मागोमाग गिरिजाच्या पायाला जखम झाली आणि मठानं तिला दक्षिणेतल्या एका हत्ती बचाव केंद्रात पाठवलं. कलबुर्गीहून रेल्वे, पुढे दोन बस. दर दोन-तीन महिन्यांनी मी तिथे आठवडाभर राहते, ऊस तोडते, नाचणीचे गोळे वळते. सवतीची सेवा म्हणा.

गेल्या खेपेला तिथल्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. पाय रोज औषधाच्या जांभळ्या पाण्यात बुडवला नाही तर जखम हाडापर्यंत जाईल, आणि ज्या हत्तीला उभं राहता येत नाही तो जगत नाही. पण गिरिजा पाय उचलेना. पाय उचलायचा तोंडी हुकूम तिला माहीतच नव्हता. मालक बांबूची काठी दगडावर वाजवायचे — दोनदा, जरा थांबून एकदा — की ही उजवा पाय पुढे करायची. मी लाटण्यानं वाजवलं, पळीनं वाजवलं. ती ढिम्म. खरी काठी औरादला, दारामागच्या खुंटीला. केंद्रात कुठलीच काठी आत नेऊ देत नाहीत, म्हणून निघायच्या दिवशी तेल लावून, स्वच्छ पुसून मी ती घरीच ठेवली होती.

चौथ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, लख्ख उन्हात... मी टबात औषध कालवून हताश होऊन पायरीवर बसले होते. हुमनाबादकडचा रेवण्णा, तिथला कामगार, पलीकडे चारा टाकत होता. आणि आवाज आला. ठक्, ठक्... ठक्.

गिरिजानं कान पुढे केले, उजवा पाय उचलला आणि टबात ठेवला.

रेवण्णा चारा टाकून आला. "अक्का, तुमी वाजवलाव काय?"

"न्हाई. हात बघ की माझे."

दोन्ही हात रिकामे होते, मनगटापर्यंत औषधानं रंगलेले.

"मग कोन वाजवायलंय?" तो हळूच म्हणाला.

पुढचे तीन दिवस रोज त्याच वेळी तो आवाज आला. रेवण्णानं कुंपणाभोवती फिरून बघितलं, कुणी नाही. जखम सुकायला लागली, टब दिसला की गिरिजा आपणहून पाय ठेवायला लागली आणि मी घरी निघाले.

कुलूप माझं, किल्ली माझ्या कमरेच्या पिशवीत. दार उघडलं तर काठी खुंटीला, जशीच्या तशी. फक्त खालचं टोक चार बोटं तपकिरी झालं होतं. ते जांभळं औषध वाळलं की असाच डाग पडतो. माझ्या नखांवर तेव्हाही तो होता. घासून बघितलं, जात नाही. शेजारीण म्हणाली, बुरशी असेल. असेलही.

डाग कसा आला ते मला आजही सांगता येत नाही, आणि खरं सांगू, तो प्रश्न मला तितकासा छळत नाही. गिरिजाचा पाय दुखत होता म्हणून मालक एवढ्या लांब गेले, हे समजतं. पण मी तिथेच होते ना, पायरीवर, चार हातांवर... एक हाक मारली नाही. रागानं दोन दिवस काठीकडे बघितलंही नाही मी.

मग शिवता शिवता लक्षात आलं. गिरिजा लंगडत होती, ते त्यांना दिसलं. माझंही दुखतं, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.