कमरेत सोडलेलं कापड

गणवेशाचं माप द्यायला लेकीला आमच्या जुन्या शिंपीकाकांकडे नेलं. माझ्या लहानपणी ते स्कर्टची खालची दुमड चार बोटं जास्त ठेवायचे. पोर उंच होणार म्हणून. आई दर जूनमध्ये ती उसवायची आणि कौतुकाने घरभर सांगायची.

आज काकांनी लेकीच्या नऊ वर्षांच्या कमरेला दोनदा टेप लावली. "ताई, हल्ली सगळ्याच मुलांच्या कमरेत जास्तीचं कापड सोडतो," ते हळूच म्हणाले.

मला कामावरून उशीर झालेल्या संध्याकाळी आठवल्या. वेळ देता आला नाही की मी बर्गर मागवायचे, आणि खोकं उघडताना तिचा चेहरा खुलला की मलाच बरं वाटायचं.

"श्वास सोड बाळा," काका म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि पोट आणखी आत ओढलं.