चष्मेवाल्याचा उजवा हात

हेडक्लार्कसाहेबांनी गाडी गल्लीतून बाहेर काढली आणि रस्ता मोकळा आहे असं समजून डावीकडे वळवली. रस्ता मोकळा नव्हता. त्यावर एक सायकल होती, सायकलवर चष्मेवाला होता, आणि पुढच्याच क्षणी सायकल एकीकडे, चष्मेवाला दुसरीकडे आणि त्याच्या नाकावरचा चष्मा तिसरीकडे अशी वाटणी झाली.

साहेब धावत उतरले. "अहो, दिसलाच नाहीत हो तुम्ही."

चष्मेवाल्याने बसल्या जागी डोळे बारीक केले. आता त्यालाही दिसत नव्हतं. "कोण?"

"मी. हेडक्लार्क."

"अच्छा, बायफोकल. तुमच्याकडेच निघालो होतो."

यात चेष्टा नव्हती. तो माणसं नंबरावरूनच ओळखायचा. बोलताना समोरच्याच्या नाकाकडे बघायचा, फ्रेम कुठे टेकेल याचा अंदाज घेत. कुणाच्या काचा मळलेल्या दिसल्या की न विचारता उतरवायच्या, खिशातल्या फडक्याने पुसायच्या आणि परत चढवायच्या. एकदा दंड करायला आलेल्या पोलिसाच्याही पुसल्या होत्या. तयार चष्मा दुकानात पडून राहिला की याला चैन पडत नसे. "तिकडे तो माणूस कशाकशाला धडकत असेल," असं म्हणत दुकानावर जाता जाता तो घरपोच करी.

साहेबांचा चष्मा कधीचा पडून होता. बायफोकल लावला की माणूस अधिकृत म्हातारा होतो, असं साहेबांचं मत. फोन आला की "उद्या येतो." शेवटी त्या सकाळी चष्मेवाला तो पिशवीत घालून निघाला होता.

उजव्या मनगटाला प्लास्टर बसलं. चष्मेवाल्याने डॉक्टरांना एकच विचारलं, "बारीक स्क्रू बसवता येईल ना?"

"हाड जुळेल. बोटांचं काय ते प्लास्टर काढल्यावर बघू."

ते 'बघू' साहेबांच्या मानगुटीवर बसलं. दुकान एकट्याचं; बंद राहिलं तर गिऱ्हाईक चौकातल्या मोठ्या दुकानात जाणार आणि तिथलंच होणार. साहेब घरी सुतकी चेहऱ्याने बसले, तेव्हा बायको म्हणाली, "तोंड घेऊन बसू नका. हात घेऊन जा त्याच्याकडे."

ऑफिस सुटल्यावर साहेब चालत दुकानात हजर झाले. गाडीला हात लावायची हिंमत नव्हती.

"स्क्रू उचला," चष्मेवाला म्हणाला.

साहेबांनी काउंटर चाचपला. "कुठाय?"

"कोपराखाली."

हाती लागला तो पेन्सिलीच्या टोकाचा तुकडा. चष्मेवाल्याने डाव्या हाताने पिशवीतली डबी पुढे सरकवली. डबीला पोचा आला होता, आतला चष्मा शाबूत होता.

साहेबांनी तो चढवला. स्क्रू दिसला. मग मान वर केली, तर चष्मेवाल्याच्या गालावरचं खरचटलेलं आणि हनुवटीवरचे टाके दिसले. त्यानंतर बराच वेळ साहेब फक्त स्क्रूकडेच बघत राहिले.

मग ते रोज येऊ लागले. "फाइल आहे का ती, दाबून ठेवायला? हलक्या हातानं," असं ऐकत ऐकत चष्म्याच्या काड्या जोडायला शिकले. गिऱ्हाईकं टिकली.

प्लास्टर निघालं त्या दिवशी साहेबांनी रजा टाकली. चष्मेवाल्याने स्वतः स्क्रू उचलला. तो पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. मग एकदाचा तो भोकात उभा राहिला. चष्मेवाल्याने सावकाश पिळला, काडी उघडून मिटून बघितली.

"बसला."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. इतका, की त्यांनी हुश्श करत चष्मा काढला आणि खिशात टाकला.

"चला. म्हणजे उद्यापासून गाडी काढायला हरकत नाही ना?"

चष्मेवाल्याने त्यांच्या रिकाम्या नाकाकडे पाहिलं.

"नंबर डोळ्यांना लागलाय की खिशाला?"