ती सारखी ऑनलाइन दिसायची

त्या साली आमच्या नेकनूरकडं बोअरसुद्धा आटले, म्हणून आम्ही नवरा-बायको लांबच्या सहकारी कारखान्याच्या ऊसतोडीला गेलो. लेक बारावीला होती. तिला गावी जावेपाशी ठेवलं आणि अभ्यासाला लागतो म्हणून फोन घेऊन दिला. तिथंच माती खाल्ली, असं मला सगळा हंगाम वाटत होतं.

उसाची मोळी बांधून जरा टेकलं की मी माझा फोन काढायची. लेकीच्या नावाखाली 'ऑनलाइन'. सकाळी ऑनलाइन, जेवताना ऑनलाइन, ट्रॉली भरताना बघितलं तरी ऑनलाइन! कुणाशी बोलती ही? जावेला विचारलं तर म्हणाली, "अभ्यासच करती की." मग मला जावेचाही संशय यायला लागला. झाकून नेत असणार बया.

नवऱ्याचा फोन साधा, बटनांचा. एक दिवस त्यानं मलाच विचारलं, "आत्ता हाय का ती फोनवर?"

"हाय."

"मग पुढल्या साली तिला बी इथंच आणू. फोनच चाळायचा तर शाळा कावून?"

थट्टा असेल म्हणून मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. थट्टा नव्हती. माझी शाळा अशीच सुटली होती.

संध्याकाळी आमच्या कोपीसमोर, त्या पाचटाच्या झोपडीच्या दारात बसून लेकीला फोन लावला आणि तोंड सोडलं. "भवाने, दिवसभर कुणाची वाट बघत बसतीस गं?"

"तुझीच. गावच्या ग्रुपवर ट्रॉली उलटल्याचा व्हिडिओ आलता, तवापासून पुस्तकात मन लागत न्हाई. तू ऑनलाइन दिसलीस की कळतं, आई बरी हाय. आन तू बी सारखीच दिसतीस!"

तरी मन म्हणालं, खरं कशावरून? पोरी लई हुशार झाल्यात. शेवटी असं ठरलं, रोज संध्याकाळी मी फोन करून हातपाय धड आहेत ते सांगायचं आणि बाकी दिवसभर दोघींनी नेट बंद ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी मोळ्या बांधताना हात सारखा कमरेच्या पिशवीतल्या फोनकडं जात होता. बंद केलं असेल का तिनं? बघायचं तर आधी मलाच चालू करावं लागणार. कसली कोंडी करून ठेवली कार्टीनं! लई राग आला तिचा.

नवरा पाणी प्यायला आला. "बघ बरं, हाय का ती फोनवर?"

मी पिशवीला हात लावला नाही.

"न्हाई," म्हणाले, "अभ्यास करती."