रडणारं मूल ठेवायचं नाही

सरकीचा वास आला की जळगावात कापसातून सरकी काढणाऱ्या जिनापाशी आम्ही बायकांनी चालवलेलं पाळणाघर आठवतं. जिनातल्या मजूर बायका तान्ही मुलं आमच्याकडे सोपवायच्या. फार रडणारं मूल ठेवायचं नाही, हा नियम माझाच. एक बाळ मात्र दिवसभर झोळीत निजायचं आणि त्याचं कौतुक मी इतर आयांना ऐकवायची. एके दुपारी ते दुधालाही उठेना, ओठ निळे पडलेले. केसांत कापूस घेऊन धावत आलेली त्याची आई म्हणाली, "रडनं तं तुम्ही ठेवाव नहीत, म्हनीसन अफूनी गोळी दिधी, अक्का." बोलावून आणलेल्या डॉक्टरांनी तिथेच कसंबसं त्याला रडवलं. पण त्या रडण्याने बाकीच्या झोळ्यांतलं एकही मूल जागं झालं नाही. आज नात शांत निजली की मी तिला हलवून उठवते.