लुगड्याच्या चिंध्या आणि मिलिट्रीची जीप

मिलिट्रीची जीप तुम्ही एकट्यानं उभी केलीत, ते लिहून काढा, असं जो तो मला सांगतो. एकट्यानं म्हटलं की माझं डोकं फिरतं. बायको जाऊन दोन पावसाळे झाले. ती होती तोवर हे खोटं मीही खपवून घेतलं. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा शुद्ध-अशुद्ध तुमचं तुम्ही बघा.

जर्मनची लढाई संपली आणि सरकारनं कल्याणच्या छावणीतल्या मोडक्या गाड्या लिलावात काढल्या. माझ्या थोरल्या भावानं, दादानं, त्यातली एक जीप घेतली. कर्जत स्टेशनापासून दहिवलीला आमच्या दारापर्यंत ती बैलांनी ओढत आणली. गाव हसलं. मी छावणीत गाड्या धुवायला होतो, तेवढ्यावर दादानं ठरवलं की मला इंजिन येतं. मला नट खोलता येत होता. परत कुठे बसवायचा ते येत नव्हतं.

ते बायकोला आलं. भात कांडून झालं की ती यायची. रॉकेलमध्ये एकेक पुर्जा घासायची आणि जसा निघाला तसा ओळीनं सुपात मांडायची. इंजिनावर एक गोल डबी असते, तिच्यातून चार वायरी चार प्लगांना जातात. त्या सोडवायच्या आधी तिनं जुनी लुगडी फाडून चार रंगांच्या चिंध्या वायरींना बांधल्या आणि कुठली कुठे जाते ते पाठ केलं. मी तिला शब्द दिला, गाडी चालू झाली की पहिली तू बसशील, कळंबला तुझ्या आईच्या दारात उतरवीन. ती म्हणाली, "बैल जोडून का?"

दसऱ्याला पूजा ठरली. दोन दिवस आधी तिला कावळा शिवला. बाईनं चार दिवस बाजूला बसायचं, कशाला शिवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ती गोठ्यात बसली. जिनं त्या गाडीचा नट न् नट हातानं घासला तिचा आता गाडीला विटाळ! माझी आई एवढ्यावर थांबली नाही. "तिच्या लुगड्याच्या चिंध्या पूजेच्या गाडीला चालत नाय रं," म्हणाली आणि सगळ्या ओढून काढल्या. मी जवळ उभा होतो. तोंड उघडलं नाही. वर शहाणपणा केला. प्लग पुसायला वायरी काढल्या आणि पहिली पहिल्याला, दुसरी दुसऱ्याला, अशा सरळ ओळीनं लावून टाकल्या, दावणीला बैल बांधावेत तशा.

दसऱ्याला हार घातला, नारळ फोडला. दादा कोट घालून पुढच्या सीटवर बसला. मी हँडल मारलं. फाटकन आवाज झाला आणि हँडल उलटं येऊन मनगटावर बसलं. दहा वेळा मारलं असेल. दादा सीटवरून म्हणाला, "बैल सोडून आणू का रं?" लोक खिदळले.

तेवढ्यात गोठ्याच्या कुडाआडून ती बोलली. "अहो, वायरी वळीनं लावल्या का?"

मी बॉनेटखाली वाकून बघितलं. ओळीनंच होत्या.

"वळीनं नाय लावायच्या. डबीवर जातं फिरवतो त्याच्या उलटं मोजा. पयली पयल्या प्लगला, दुसरी तिसऱ्याला, तिसरी चौथ्याला. उरली ती दुसऱ्याला."

आई तिच्यावर खेकसली. मी मुकाट्यानं वायरी बदलल्या. दुसऱ्या हँडलला इंजिन धडधडलं.

तेव्हा गाडी बंद करून दोन दिवस थांबायला हवं होतं. दादा म्हणाला चल, आणि मी चाललो. मागे पाच-सहा जण चढले. गोठ्याकडे मी बघितलं नाही. मुहूर्त होता, वडीलधाऱ्यांचा मान होता, ही कारणं मी पुढं जन्मभर सांगितली. सगळी भिकार. कर्जतच्या बाजारात दादा दिसेल त्याला सांगत सुटला, माझ्या भावानं एकट्यानं उभी केली. आणि मी हसत होतो.

चार दिवस भरले, ती न्हाली. मी जीप दारात आणली, म्हटलं चल कळंबला. ती गाठोडं घेऊन बाहेर आली आणि जीपला वळसा घालून चालायला लागली. कळंब चार-पाच कोस. मी पहिल्या गिअरमध्ये तिच्या मागं मागं.

"बस ना गं. लोक बघतात."

"बघू दे."

"शब्द दिला होता मी तुला."

ती थांबली नाही. "पयली बसायची होते मी," म्हणाली. "आता दहावी बसून काय करू?"

मी हॉर्न मारला, आवाज चढवला, नवरा असल्याचं ऐकवलं. ती चालत होती. तसं रखडत मैलभर गेलो आणि इंजिन तापून बॉनेटखालून वाफ निघाली. तिनं मागं वळून बघितलं.

"लगेच झाकण नका उघडू, भाजाल. निवलं की पाणी घाला," म्हणाली आणि वाटेला लागली.

मी बॉनेटला लाथ घातली. काय चुकलं होतं बॉनेटचं? पुढं नऊ वर्षं ती जीप आमच्या दारात होती. भाडी केली, वऱ्हाडं नेली, आईला दवाखान्यात नेलं. बायको एकदाही बसली नाही. गाडी बिघडली की मात्र पदर खोचून यायची आणि मला म्हणायची, सरका.