झूराकानचा घसा

किर्गिझस्तानातल्या कोचकोर गावाच्या आसपास कुणी वारलं की झूराकानला बोलावणं ठरलेलं. घराबाहेर लोकरीचा तंबू उभा राही, बायका भिंतीकडे तोंड करून बसत आणि गेलेल्याचं अख्खं आयुष्य झूराकान विलापात गाऊन सांगे.

गेल्या हिवाळ्यात तिचा आवाज बसला, तो बसलाच. मेंढीच्या शेपटीची चरबी गरम दुधातून पिऊन झाली, मुल्लाची दुआ झाली. नवऱ्याच्या चुलत्याच्या मयताला उंच सूर लावायला गेली, तर नुसती हवा बाहेर आली.

"लोकांची मढी रडून रडून हिच्या घशात बसलीत," मागून शेजारीण पुटपुटली.

झूराकानला राग आला नाही. रागवायलाही अंगात त्राण लागतं. सकाळी बोटं वळत नसत, गाय ती तळव्यांनीच कशीबशी पिळायची. थंड पाण्याचं दुखणं, म्हणून तिने ते कुणाला सांगितलंही नव्हतं.

शेवटी नवरा असनगुल तिला बिश्केकला घेऊन गेला. तरुण डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक नळी घालून घसा बघितला. पडद्यावर स्वरतंतू दिसत होते आणि दोन्हींवर आडवे, पिवळट पट्टे.

"बोरूला पेरं असतात ना, तसं दिसतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग थोरल्या बहिणीला घालतात तशी हाक घालत विचारलं, "एजे, सकाळी हात आखडतात का?"

"घसा दाखवायला आलेय मी, पोरी."

"म्हणूनच विचारतेय. असे पट्टे गाण्याने पडत नाहीत सहसा. दाखवा बघू हात."

झूराकानने सुजलेली बोटं पुढे केली. रक्त तपासलं, तेव्हा दुखणं कळलं: संधिवात, पण थंडीचा नव्हे.

"राखणीची कुत्री मालकालाच चावायला लागावीत, तसं तुमचं शरीर स्वतःवरच उठलंय, बोटांवरही आणि घशावरही," डॉक्टरीणबाईंनी समजावलं.

"म्हणजे आमच्या घरासारखंच," असनगुल म्हणाला. झूराकान हसायला गेली आणि खोकली.

औषधं सुरू झाली. उन्हाळ्यापर्यंत बोटं वळू लागली, गाय पुन्हा नीट पिळता आली. घशातले पट्टे फिकटले, पण गेले नाहीत. बोलण्यापुरता आवाज परतला, गाण्यापुरता नाही. थकवा तर मुक्कामालाच आलेला.

शरदात तिची सख्खी बहीण कालीपा वारली. तंबूत सगळ्या बायका झूराकानकडे बघत राहिल्या. तिने तोंड उघडलं, मिटलं. मग शेजारणीलाच म्हणाली, "तू गा. मला जमायचं नाही."

शेजारीण गायली, अडखळत, शब्द चुकवत. कालीपाच्या लग्नाचं साल चुकलं, धाकट्या मुलाचं नावही राहिलं. झूराकानने दुरुस्ती केली नाही. आजवर दुसऱ्यांसाठी शब्द जुळवता जुळवता तिला स्वतः रडायला कधी फावलंच नव्हतं. आता कपाळ तंबूच्या लोकरी नमद्याला टेकवून ती आवाज न करता रडत राहिली.