सुरवंटांचे कैवारी

“पावम! खाऊन खाऊन किती खातील?”

शेजारच्या मामांचं हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरायचं. पावम म्हणजे बिच्चारे. आणि हे बिच्चारे कोण, तर शेवग्याच्या खोडाला घोंगडी पांघरल्यासारखे चिकटून बसलेले केसाळ सुरवंट!

शाळेतल्या नोकरीसाठी साताऱ्याहून तंजावूरला आले. राजवाड्यामागच्या गल्लीत घर मिळालं आणि शेजारी मामा-मामी चक्क मराठी बोलणारे निघाले. मी हरखलेच. आमचं परसदार एकच, मधे भिंत नाही. शेवगा त्यांचा, त्याखालची कपड्यांची दोरी माझी. दिवाळी सरून इथल्या हिवाळी पावसाची झड लागली की पाच-सहा तरी सुरवंट कपड्यांवर उतरायचेच. आता तुम्हीच सांगा, रोज परकर-पोलकी झटकत कोण बसणार?

“मामा, सगळी गल्ली पलिता लावून जाळते. तुम्हीही जाळा.”

“टीचर, त्यांसही पोट आहे की. मज दहा शेंगा कमी मिळतील, असंदे.”

मामांचा जन्म जवळच्या ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत अर्ज वाचण्यात गेला होता. सुरवंटांचाही अर्ज त्यांनी मंजूर केला होता म्हणा ना. दक्षिणेकडच्या फांद्या सुरवंटांच्या, उरलेल्या आपल्या. मामी बिचाऱ्या आपल्या वाटणीचाच पाला खुडायच्या. वर त्या दमट हवेतही मामा मनगटापर्यंत बाह्यांचा सदरा घालून हिंडायचे. मला तर तेही चीड आणायचं.

एके दिवशी माझ्या लेकीच्या गणवेशात सुरवंट निघाला. पोरीची मान टरारून सुजली. माझा संयम संपला. मी पानभर चिठ्ठी लिहिली, झाड पाडा नाहीतर मी तक्रार करते, इथवर. आणि त्यांच्या दाराखालून सरकवली.

संध्याकाळी मामा चिठ्ठी घेऊन हजर.

“किती सुंदर अक्षर, टीचर! मज हे वाचता येत नाही. आम्ही तमिळ शिकलेले. वाचून दाखवा की.”

मराठी माणसाला मराठीत चिठ्ठी लिहायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आता स्वतःचा राग त्यांच्या तोंडावर वाचून दाखवायची पाळी आली. ‘तुमच्या वेडेपणाचा आम्हाला वीट आला आहे’ ही ओळ मी घाईघाईने वाचून टाकली. मामांनी शेवटपर्यंत ऐकलं. लेकीची मान पाहिली.

“कार्तिकदीपापर्यंत द्या,” ते म्हणाले. “तोवर हे सुरवंट गेले नाहीत तर दुसऱ्या दिवशी झाड पाडतो. शब्द.”

कार्तिकदीप म्हणजे इकडचा दिवाळीनंतरचा पणत्यांचा सण. मी हो म्हटलं. जिंकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू?

कार्तिकदीपाला दहा दिवस होते तेव्हा मामांच्या छातीत दुखलं. त्यांना इस्पितळात नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागचं दार उघडलं आणि जागीच थिजले. दोरीवर, पायरीवर, न्हाणीच्या भिंतीवर, माझ्या मोगऱ्यावर सुरवंटच सुरवंट. शेकड्यांनी!

मामी डबा न्यायला घरी आल्या तेव्हा मी विचारलं, हे एका दिवसात कुठून आले?

“रोजचेच की, अम्मा. आमचे हे पहाटे उठून त्यांस डब्यात भरतात आणि झाडावर नेऊन सोडतात. हातभर गांधी उठतात. पूर्ण बाह्या त्याकरताच. टीचरांस सांगू नको, म्हणाले.”

म्हणजे मी ज्या पाच-सहांवरून आकांडतांडव करत होते, ते त्यांच्या हातून सुटलेले होते. त्या क्षणी मी ठरवलं, मामा घरी आले की सांगायचं, झाड राहू द्या. आधी चांगलं झापायचं, मग सांगायचं.

मामा आलेच नाहीत. चौथ्या दिवशी इस्पितळातच गेले.

कार्तिकदीपाला सगळी गल्ली पणत्यांनी उजळली, त्यांच्या घरी अंधार होता. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर परसात लख्ख ऊन. शेवगा आडवा पडलेला, आणि लाकूडतोड्या फांद्यांची मोळी बांधत होता. मामांनीच त्याला आधी सांगून ठेवलं होतं.

“अहो मामी, थांबवायचं ना त्याला!” मी जवळजवळ ओरडलेच.

“कसं थांबवू?” मामी म्हणाल्या. “त्यांनी तुमच्याजवळ शब्द दिला होता.”

असा राग आला मला त्या माणसाचा! आणि स्वतःचाही. झाड राहू द्या, हे मी फक्त मनात ठरवलं होतं. मामींपाशीसुद्धा बोलले नव्हते.